राज्यात वीज पुरेशी, मग आमचीच डीपी का जळते?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. तालुक्याच्या गावाबाहेर बारा-पंधरा वर्षांपूर्वी पडलेलं प्लॉटिंग. तेव्हा बैठे बंगले होते, आता निम्म्या प्लॉटवर तीन मजली अपार्टमेंट उभी राहिली आणि जवळजवळ प्रत्येक घरात एसी आला. दर एप्रिल-मेमध्ये रात्री दहा-अकराच्या सुमाराला लाईट जाते, यंदा तर डीपीच (गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) जळाली आणि दोन रात्री घामाघूम होऊन काढाव्या लागल्या. पेपरात मात्र राज्याकडे पुरेशी वीज असल्याच्या आणि दहा वर्षांच्या आराखड्याच्या बातम्या. तेव्हा वीज कंपनी पुढचा विचार खरंच करते का, करत असेल तर तो तुमच्या गल्लीपर्यंत का पोचत नाही, आणि छतावर सोलर टाकलं तर यातून सुटका होईल का, हे तुम्हाला हवं आहे.

मी आयुष्यभर सरकारी वीज वितरणात काम केलं. आधी सेक्शनला, मग सबडिव्हिजनला आणि शेवटची वर्षं नियोजनाच्या टेबलावर. आता निवृत्त आहे, त्यामुळे कुणाची बाजू सांभाळायची गरज उरलेली नाही. तुमची जागा मी पाहिलेली नाही. फीडर (सबस्टेशनातून निघून डीपींना वीज देणारी लाईन) ११ केव्हीचा आहे की २२ चा, डीपी किती क्षमतेची, गावठाणाच्या फीडरवर आहात की शेतीच्या, प्लॉटिंगवाल्याने लाईनचं काम कुठल्या अटीवर केलं होतं, यावर उत्तर बदलतं. तरी अशा वसाहती मी भरपूर हाताळल्यात आणि आजार बहुतेक ठिकाणी एकच असतो.

आधी एक गोष्ट वेगळी करतो. 'वीज कंपनीचं नियोजन' म्हणून आपण जे बोलतो ती खरं तर तीन वेगवेगळी कामं आहेत. वीज कुठून आणि किती घ्यायची हे पहिलं. ती तुमच्या तालुक्यापर्यंत कोणत्या लाईनीने, कोणत्या सबस्टेशनातून आणायची हे दुसरं. आणि शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये डीपीपासून मीटरपर्यंत काय करायचं हे तिसरं. पेपरात येतं ते पहिल्याबद्दल. तुमची तक्रार आहे तिसऱ्याबद्दल. पहिल्या कामाकडे दर पंधरा मिनिटांचा हिशोब असतो, तिसऱ्याकडे बऱ्याचदा वहीतला जुना आकडा असतो. माझं सगळं म्हणणं या फरकाभोवतीच आहे.

पहिल्या कामाबद्दल आधी सांगतो, कारण तिथे महाराष्ट्राने दोन्ही बाजूंनी मार खाल्लाय. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं, कोयना आली, कोराडी-नाशिक-भुसावळ-चंद्रपूर इथे औष्णिक संच आले आणि बराच काळ आपण पुढे होतो. मग दाभोळचा एन्रॉनचा वीज प्रकल्प. १९९३ साली करार झाला, पुढे तो रद्द होऊन पुन्हा नव्याने झाला, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणं थांबवलं. दर परवडत नव्हता आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार मोजावा लागत होता. राज्य सरकारने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने त्या कराराची चांगलीच चिरफाड केली. त्यानंतर सगळेच मोठ्या कराराला बिचकू लागले, मागणी मात्र कुणासाठी थांबली नाही. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं तुम्हाला आठवत असतील. तूट चार-साडेचार हजार मेगावॅटच्या घरात गेली आणि खेड्यात दिवसाचे दहा-बारा तास अंधार. गरजेपेक्षा महाग वीज बांधून घेतली तर बिलात दिसते, कमी घेतली तर अंधारात दिसते. नियोजनाच्या टेबलावर बसणाऱ्याला या दोन्ही भीती कायम असतात.

त्याच काळात, २००५ च्या जून महिन्यात, मंडळाचं विभाजन झालं. महानिर्मिती वीज तयार करते, महापारेषण ती मोठ्या टॉवर लाईनींवरून नेते आणि महावितरण ती तीन कोटींच्या आसपास ग्राहकांच्या दारात पोचवते. दर ठरवतो वीज नियामक आयोग. किती वीज लागेल याचा अंदाज केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सर्वेक्षणावरून, आधीच्या वर्षांच्या वाढीवरून आणि आता तासातासाच्या नोंदींवरून काढतात. अलीकडे पुढच्या दहा वर्षांची मागणी कशी भागवणार याचा आराखडा आयोगापुढे ठेवणं वितरण कंपन्यांवर बंधनकारक झालंय. बातम्यांतला आराखडा तो हाच. तो कागदी नसतो. दिवसाचे ९६ भाग करून प्रत्येक पंधरा मिनिटांत कुठल्या केंद्राकडून किती वीज घ्यायची हे आदल्या दिवशी ठरतं, आणि राज्य भार प्रेषण केंद्र ते चोवीस तास सांभाळतं. स्वस्त वीज आधी, महाग वीज शेवटी. कोयनेचं पाणी जपून, कारण पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलंय. ते संध्याकाळच्या ताणाच्या वेळेला पुरवून पुरवून वापरावं लागतं.

चांगलं नियोजन कसं दिसतं याचं एक उदाहरण देतो. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतलं ते सगळ्यात मोलाचं काम आहे आणि त्याची बातमी फारशी कधी झाली नाही. भारनियमनाच्या काळात अडचण अशी होती की गावातली घरं आणि शिवारातले पंप एकाच फीडरवर. पंप बंद ठेवायचे तर गाव अंधारात. सुरुवातीला सिंगल फेजिंग केलं, म्हणजे ठरावीक वेळेला एकच फेज चालू ठेवायचा, घरातले दिवे लागतील पण तीन फेजची मोटर चालणार नाही. लोकांनी त्यावरही कपॅसिटर लावून मोटरी चालवल्या, ते सोडा. 'अक्षय प्रकाश' योजनेत गावाने ठराव करायचा की संध्याकाळी मोटरी लावणार नाही, आकडे टाकणार नाही आणि त्या बदल्यात गावात दिवे राहतील. काही गावांनी ते मनापासून पाळलं. सरपंच स्वतः रात्री शिवारात फिरून मोटरी बघत. पण खरा उपाय होता गावठाण फीडर वेगळा काढणं. खांब, तारा, ब्रेकर सगळं नवं. खर्च प्रचंड, आणि ज्याच्या नावाने फित कापावी असं दिसायला काही नाही.

तेव्हा हे काम भारनियमनासाठी केलं. पुढे भारनियमन गेलं, पण वेगळा झालेला शेतीचा फीडर तसाच राहिला. आणि त्यामुळेच आज सौर कृषी वाहिनी शक्य झाली. २०१७ साली ती योजना सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा, बराच मोठा टप्पा आला. कल्पना सोपी आहे. सबस्टेशनच्या जवळपास काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज त्याच सबस्टेशनातून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला दिवसा द्यायची. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॅटचा. युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास, लांबून वीज आणताना होणारी गळती वाचते, आणि शेतकऱ्याला पाळीपाळीने येणाऱ्या रात्रीच्या विजेसाठी बिबट्या-विंचवाच्या भीतीत बांधावर जावं लागत नाही. फीडर आधी वेगळे केले नसते तर यातलं काही जमलं नसतं. पंधरा वर्षांपूर्वी ओढलेली तार आज दुसऱ्याच कामाला येते आहे.

याचा एक परिणाम तुमच्या प्रश्नाला थेट भिडतो. शेतीचा भार दिवसावर आला, त्यामुळे महावितरणचे अलीकडचे मागणीचे उच्चांक बऱ्याचदा फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, रब्बीच्या आणि उन्हाळी पाण्याच्या वेळी, आणि दिवसा नोंदले गेलेत. २५ हजार मेगावॅटच्या पुढचे आकडे तुम्ही वाचले ते याच वेळचे. तुमच्या डीपीची परीक्षा असते मे महिन्यात रात्री अकराला. त्या वेळी राज्यभराचा हिशोब बऱ्यापैकी जुळलेला असतो, बाजारात वीजही मिळत असते. पण ती तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन अडते. म्हणून 'राज्यात वीज आहे' आणि 'आमच्याकडे लाईट नाही' ही दोन्ही वाक्यं एकाच रात्री खरी असू शकतात.

मधल्या कामाबद्दल फार लांबवत नाही. ३३ केव्हीचं सबस्टेशन, त्यातला पाच किंवा दहा एमव्हीएचा पॉवर ट्रान्सफॉर्मर, त्यातून निघणारे फीडर. याचं नियोजन ठीकठाक होतं, कारण सबस्टेशनात ऑपरेटर बसतो आणि दर तासाला लॉगशीटवर अँपिअर लिहितो. ट्रान्सफॉर्मर ऐंशी टक्क्यांच्या वर जायला लागला की प्रस्ताव वर जातो. अडतं ते जागेवर. सबस्टेशनला एकरभर जागा लागते आणि ती वसाहतीच्या जवळ लागते, तिथे तर एकेका गुंठ्यासाठी भांडणं. जागा मिळाली तरी मंजुरी, टेंडर, लाईनचा रस्ता धरून दोन-तीन वर्षं सहज जातात. त्याच्या वरची टॉवर लाईन असेल तर पाच-सहा, कारण प्रत्येक टॉवरखालचा शेतकरी मोबदला विचारतो आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. वीज केंद्राला त्याहूनही जास्त. डीपी बदलायचं काम मात्र मंजुरी आणि सामान हातात असेल तर एका दिवसाचं. सगळ्यात सोपं काम आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं काम, दोन्ही तेच.

का राहून जातं ते सांगतो. प्लॉटिंग पडलं तेव्हा विकसकाने चाळीस बंगल्यांचा हिशोब दाखवला, घरामागे एक-दीड किलोवॅट धरलं आणि १०० केव्हीएची डीपी बसली. त्या दिवशी ते बरोबरच होतं. मग एका प्लॉटवर अपार्टमेंट झालं, आठ मीटर आले. वीज कायद्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे मागेल त्याला जोडणी देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि द्यायलाच हवी. पण प्रत्येक अर्ज एकेकटा बघितला तर तो इतका लहान असतो की त्याच्यासाठी नवी डीपी लागते असं कुणी लिहीत नाही. असे शे-सव्वाशे मीटर होतात. त्यात लोक घेतात एसी, पण मंजूर भार राहतो जुनाच. कंपनीच्या संगणकात तुमच्या घराचा भार अजून एक किलोवॅट आहे. नोंदीत तुमची डीपी साठ टक्के भरलेली दिसते आणि जागेवर ती दीडपट भाराने तापलेली असते. जी डीपी कागदावर रिकामी आहे तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या शाखा अभियंत्याला वरून पहिला प्रश्न काय येतो, ते तुम्हीच ओळखा.

आकडेमोड अवघड नाही. १०० केव्हीएची डीपी प्रत्येक फेजवर साधारण १३९ अँपिअर देते. दीड टनाचा एसी साडेसहा-सात अँपिअर ओढतो. साठ घरांत एकेक एसी चालू झाला तर तीन फेजमध्ये वाटून प्रत्येक फेजवर १३० अँपिअर होतात. पंखे, फ्रिज, टीव्ही, पाण्याच्या मोटरी अजून धरल्याच नाहीत. पूर्वी आम्ही असं गृहीत धरायचो की सगळी घरं एकदम पूर्ण भार घेत नाहीत. मिक्सर, इस्त्री, गिझर यांना हे लागू पडतं, कुणी सहाला आंघोळ करतो, कुणी आठला. मेमधल्या रात्री एसीला ते लागू पडत नाही. अकरा वाजता सगळ्या गल्लीचे एसी एकदम चालू असतात आणि पहाटे चारपर्यंत चालूच राहतात. ट्रान्सफॉर्मरला मारतं ते हे. आधी संध्याकाळी सात ते दहा भार चढायचा आणि रात्री उतरायचा, तेवढ्यात तेल थंड व्हायचं. आता त्याला थंड व्हायला रात्रच उरलेली नाही. आतल्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य दर सहा-सात अंश जादा तापमानामागे निम्मं होत जातं. तुमची डीपी यंदाच्या एका रात्रीत जळालेली दिसते, पण ती आधीचे दोन-तीन उन्हाळे आतून करपतच होती.

आता डीपीच्या पेटीजवळ या. वसाहतीतून तक्रार आली की मी माणसांना दिवसा पाठवत नसे, त्याचा उपयोग नाही. मेमध्ये रात्री साडेदहाला टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती धरून अँपिअर मोजायचं यंत्र, घेऊन जायचं. पेटीचं एक दार बिजागरीवरून लोंबकळत असतं, ट्रान्सफॉर्मरचा गुंगाट नेहमीपेक्षा जड लागतो, तेलाचा वास येत असेल तर वेळ भरत आलीय. किटकॅटमध्ये (फ्यूज बसवायच्या खोबणीत) फ्यूज वायर असायला हवी तिथे अॅल्युमिनियमच्या तारेचे पीळ मारलेले असतात, कारण फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी जाड तार टाकून मोकळा झालेला असतो. अशा डीपीवर फॉल्ट आला की फ्यूज टिकतो आणि ट्रान्सफॉर्मर जातो. मग एकेका फेजला टाँग टेस्टर लावायचा. समजा लाल फेजवर १९०, पिवळ्यावर ९५, निळ्यावर १२० अँपिअर आले. बेरीज ४०५, म्हणजे सरासरी १३५. एकूण भार जेमतेम का होईना डीपीच्या आवाक्यात आहे. पण लाल फेज होरपळतोय, आणि न्यूट्रलमधून ऐंशीच्या वर अँपिअर वाहतायत. तो न्यूट्रलचा सांधा एक दिवस जळून सुटला की काही घरांत व्होल्टेज एकदम चढतं आणि एका रात्रीत टीव्ही-फ्रिज उडतात.

असं का होतं? नवी जोडणी देताना खांबावर चढलेला माणूस हाताला येईल त्या तारेवर सर्व्हिस वायर, म्हणजे घराकडे जाणारी वायर, बांधतो. बहुतेक वेळा सगळ्यात खालची किंवा जवळची तार. याला औषध म्हणजे भाराचा तोल साधणं. लाल फेजवरच्या काही सर्व्हिसेस पिवळ्यावर घ्यायच्या. त्याला नवं सामान जवळजवळ लागत नाही, रीतसर परमिट घेऊन दोन लाईनमनचा अर्धा दिवस लागतो. नवी डीपी मागायच्या आधी हे मागा. माझ्या अनुभवात बऱ्याच वसाहतींचा एक उन्हाळा एवढ्यावर निघून जातो.

तुमच्याकडे मात्र अपार्टमेंटची संख्या बघता तेवढ्याने भागेल असं वाटत नाही. मग दोन रस्ते. १०० काढून २०० केव्हीएची बसवायची, किंवा आहे ती ठेवून वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला अजून एक १०० ची टाकायची. लोक पहिला रस्ता मागतात कारण जागा शोधावी लागत नाही. मी शक्यतो दुसरा घेत असे. २०० ची बसवली तरी त्याच जुन्या लघुदाब तारांवरून भार जाणार, शेवटच्या घरांना व्होल्टेज कमीच राहणार, आणि ती बंद पडली तर सगळी वसाहत एकदम अंधारात. दोन डीपी असल्या तर तारा आखूड होतात, गळती कमी होते आणि एक गेली तर निदान निम्मी घरं चालू राहतात. फक्त दुसऱ्या डीपीला जागा लागते, आणि इथे वसाहतीची खरी ओळख पटते. डीपी सगळ्यांना हवी असते, शेजाऱ्याच्या दारात. लेआउटमधल्या मोकळ्या जागेचा, नगरपंचायतीच्या ताब्यातल्या कोपऱ्याचा लेखी होकार तुम्ही आणून दिलात तर अर्धं काम तुम्हीच केलंत.

अजून एक भार दारात उभा आहे, त्याची तुम्ही विचारणा केली नाही पण करायला हवी होती. ई-स्कूटरची काळजी नको, तिचा चार्जर किलोवॅटच्या आतबाहेर असतो. ई-कारचा घरचा चार्जर सात किलोवॅटपर्यंत असतो, म्हणजे एका फेजवर तीस अँपिअर. एक गाडी म्हणजे चार-पाच एसी, आणि तीही लोक रात्रीच लावतात. गल्लीत अशा पाच गाड्या आल्या की आज केलेला हिशोब पुन्हा करावा लागेल. म्हणून अर्ज करताना आजचा भार सांगू नका, पाच वर्षांनंतरचा सांगा.

स्मार्ट मीटरवरून बराच गदारोळ झाला, विशेषतः प्रीपेडवरून. त्या वादात मी पडत नाही. पण माझ्या हातात असतं तर घराघरातल्या मीटरच्या आधी प्रत्येक डीपीवर एकेक बरा मीटर बसवला असता आणि त्याच्या नोंदी सेक्शन ऑफिसात रोज उघडून बघायला लावल्या असत्या. केंद्राच्या सध्याच्या वितरण सुधारणा योजनेत फीडर आणि डीपीचे मीटर आहेत, ते काम जिथे नीट झालंय तिथे अभियंत्याला उन्हाळ्याआधीच कळतं की कुठली डीपी जाणार. शेतीपंपांची खरी वीज किती आणि चोरी-गळती किती, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं वाद चालतो, तोही न मोजण्यामुळेच. सौर विजेमुळे दुपारची वीज स्वस्त आणि रात्रीची महाग होत चाललीय. म्हणून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापराला दरात सवलत मिळू लागली आहे. गिझर, वॉशिंग मशीन, गाडीचं चार्जिंग दिवसा आणता आलं तर जरूर आणा. एसी दुपारी लावून रात्री बंद ठेवा असं सांगायला मी काही तुमच्याकडे येणार नाही.

आता सोलर. बिलासाठी उत्तम. तीन किलोवॅटला पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, तुमच्यासारख्या वापराला पैसे काही वर्षांत सुटतात. पण ज्या कारणासाठी तुम्ही विचारताय त्याला नेटमीटरचं (जादा वीज लाईनवर देऊन ती बिलात वळती करणारं) साधं सोलर उपयोगाचं नाही. रात्री अकराला ते काही देत नाही, म्हणजे डीपीवरचा ताण तेवढाच. आणि दिवसासुद्धा लाईट गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, कडक ऊन असलं तरी. तो बंद व्हायलाच हवा. नाहीतर खाली लाईन बंद केली म्हणून लाईनमन खांबावर चढेल आणि तुमच्या छतावरची वीज उलटी त्याच्या हातात जाईल. लाईट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, त्याचा खर्च वेगळा मोजा. आणि घरातल्या डिझेल जनरेटरला चेंजओव्हर स्विच (जनरेटर चालू असताना घर लाईनपासून तोडणारा) नसेल तर हे वाचून संपायच्या आत बसवून घ्या.

काही लोक तुम्हाला मुंबईचं उदाहरण देतील की तिथे कशी लाईट जात नाही. तिथे दाट वस्ती, जमिनीखालच्या केबल, एका बाजूने बंद पडलं तर दुसऱ्या बाजूने देण्याची सोय. तुमच्या तालुक्यातला फीडर उघड्या तारांवर मैलोन्मैल रानातून जातो. पहिल्या पावसात लाईट का जाते? उन्हात दिवसभर तापलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर गार थेंब पडला की तो तडकतो, किंवा त्यावर साचलेली धूळ ओली होऊन स्पार्क होतो. मग अंधारात, पावसात, कुठल्या खांबावरचा फुटला ते शोधत फिरायचं. पावसाळ्यापूर्वी काही तास वीज बंद ठेवून फांद्या तोडतात, जंपर आवळतात, इन्सुलेटर बदलतात ते याच्यासाठी. पुण्याकडे ही बंदी गुरुवारी असते, कारण तिथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी. त्या तीन तासांवर चिडू नका. चिडायचं असेल तर ते तीन तास बंद ठेवूनही कुणी खांबावर चढलं नसेल तेव्हा चिडा, आणि नक्की काय काम झालं हे विचारा.

तुम्ही काय करावं, तर असं. सगळ्यात आधी वसाहतीतल्या घरांनी आपापला मंजूर भार वाढवून घ्यावा. लोकांना वाटतं भार वाढवला की दर महिन्याचं बिल फुगेल. सिंगल फेज घरगुती जोडणीचा स्थिर आकार किलोवॅटवर मोजला जात आलेला नाही, जोडणीमागे ठरलेला असतो. चालू दरपत्रकात एकदा बघून घ्या. थोडे एकरकमी पैसे आणि वाढीव अनामत लागेल. पण शंभर घरांचा भार नोंदीवर चढला की तुमची डीपी कागदावरही भरलेली दिसायला लागते आणि अभियंत्याच्या प्रस्तावाला पाय फुटतात. तक्रारीचे शंभर फोन जे करत नाहीत ते हा कागद करतो.

मग सगळ्यांच्या सहीचा एकच अर्ज उपकार्यकारी अभियंत्याकडे. त्यात तीन गोष्टी मागा. उन्हाळ्यात रात्रीच्या वेळी डीपीचं तिन्ही फेजचं रीडिंग घेऊन त्याची प्रत द्यावी. फेजचा तोल साधावा आणि पेटीतले फ्यूज योग्य मापाचे करावेत. आणि दुसऱ्या डीपीचा प्रस्ताव करावा, जागेचं संमतीपत्र सोबत जोडलं आहे. प्रत्येक वेळी फोन करताना १९१२ वर तक्रार क्रमांक घ्या, ओळखीच्या वायरमनला फोन करून काम भागवू नका. त्याने लाईट लवकर येते खरी, पण नोंद होत नाही, आणि वर्षअखेर तुमच्या फीडरवर खंडित पुरवठ्याचा आकडा शून्याजवळ दिसतो. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला. पुरवठा ठरलेल्या वेळेत पूर्ववत झाला नाही तर भरपाईची तरतूदही आयोगाच्या कृती मानकांत, म्हणजे सेवेच्या नियमांत, आहे, लोक ती मागतच नाहीत. आयोगाची दरवाढीवर जाहीर सुनावणी होते तेव्हा दोन पानं लिहून पाठवा. तिथे उद्योगवाले वकील घेऊन येतात, घरगुती ग्राहक जवळजवळ कुणी नसतो.

पैशाचं एक सांगून थांबतो. डीपीसाठी पैसे दोन-तीन पिशव्यांतून येतात. कंपनीचा स्वतःचा भांडवली आराखडा, केंद्राची योजना आणि जिल्हा नियोजन समिती. शेवटची पिशवी तालुक्याच्या गावाला सगळ्यात जवळची, तिच्यात पालकमंत्री आणि आमदारांचा शब्द चालतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पण मार्चअखेर निधी खर्ची टाकायची घाई असते, तेव्हा ज्याचा प्रस्ताव अंदाजपत्रकासह तयार आहे त्याचंच काम होतं. मेमध्ये डीपी जळाल्यावर अर्ज केला की तो पुढच्या वर्षाच्या यादीत जातो. तुमचा अर्ज रीडिंग आणि जागेच्या संमतीसह दिवाळीच्या आत आवकला पडू दे, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडू नका.